दहा मिनिटांत टायर काढणाऱ्या मेसेजला उत्तर

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यापासून आमच्या हिंगणा-कळमेश्वरकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. ‘ट्रॅक्टरचा जाम टायर घरच्या घरी दहा मिनिटांत काढा, पंक्चरवाल्याचे पैसे वाचवा.’ खाली सहा युक्त्या. टायर ताठ राहावा म्हणून थोडी हवा ठेवा. रिमच्या कडेने डिझेल सोडा. गंज धरला असेल तर गॅसने रिम तापवा, लोखंड फुगून टायर सुटतो. दुसऱ्या ट्रॅक्टरचं चाक वर चढवा. तरी नाही सुटला तर घण घाला. आणि परत बसवताना आत पेट्रोल शिंपडून काडी लावा. मला एकट्याला चौघांनी पाठवला. एकाने वर लिहिलं होतं, “करून पाहा न भाऊ!”

घरी टायर काढायला माझा विरोध नाही. पेरणी तोंडावर आली की नागपूरहून माणूस यायची वाट कोण पाहणार? मी स्वतः काढतो. पण या सहांपैकी फक्त एक युक्ती अर्धी कामाची आहे. उरलेल्या पाचांनी एक तर टायर खराब होतो, नाही तर माणूस.

आधी टायर जाम होतो कशाने ते पाहू. टायरच्या आतल्या कडेला पोलादी तारांचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात (जिल्ह्याशी संबंध नाही). हे कडं ताणलं जात नाही आणि रिमच्या काठावरून सरळ निघत नाही, कारण काठ त्याच्याहून मोठा असतो. म्हणून रिमच्या मध्ये खोल नाळ ठेवलेली असते. एका बाजूचं बीड त्या नाळेत उतरवलं की समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि तिथून ते काठावरून वर येतं. सगळी कला एवढीच. ट्रॅक्टरच्या बाबतीत भर पडते ती गंजाची. मागच्या चाकात वजनासाठी भरलेलं पाणी व्हॉल्व्हपाशी झिरपतं, संत्र्याच्या बागेतली फवारणी, खत आणि काळी माती कडेला बसते, आणि बीड रिमला अक्षरशः चिकटतं.

‘थोडी हवा ठेवा.’ हिशोब करून पाहा. 13.6-28 मापाचा मागचा टायर बाहेरून साधारण 51 इंच, रिम 28 इंच. म्हणजे एका बाजूच्या भिंतीचं क्षेत्रफळ 1400 चौरस इंचांच्या पुढे. आत फक्त 5 पीएसआय (दर चौरस इंचाला 5 पौंड) हवा उरली तरी त्या भिंतीवर 3200 किलोच्या आसपास दाब असतो. 45 एचपीचा आख्खा ट्रॅक्टर त्याहून हलका भरेल. बीड सुटायच्या क्षणी हा दाब ज्या बाजूला मोकळा होतो, त्या बाजूला टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, धरून तुम्ही वाकलेले असता. म्हणून व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढायची. पिन काढली आणि सूं आवाज आला नाही, म्हणजे हवा संपली असंही समजू नका. पाणी भरलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह गाळाने बुजलेला असू शकतो. बारीक तार घालून फिरवा. माझ्या चाकातून तशी तार फिरवल्यावर आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग पाच मिनिटं हवा.

पाण्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. तेवढ्या टायरात पाऊण उंचीपर्यंत पाणी भरलं तर दीडशे लिटरच्या वर सहज बसतं, म्हणजे दीडशे किलो. व्हॉल्व्ह खाली आणून ते आधी काढा. रिकामं चाकसुद्धा शंभर किलोच्या पुढे असतं. ते भिंतीला टेकवून उभं ठेवू नका, पोरं आसपास असतील तर मुळीच नाही.

‘रिम तापवा, लोखंड फुगून टायर सुटतो.’ हे वाचून मला आमचे आजोबा आठवले. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना लोहार काय तापवतो? धाव. चाक नाही. बाहेरचं कडं तापून मोठं होतं, चाकावर बसतं आणि पाणी मारलं की आवळतं. इथे रिम आत आहे आणि टायर बाहेर. आतली रिम तापवली तर ती फुगून टायरला आणखी आवळणार. शाळेत न गेलेल्या लोहारालाही जे कळतं, ते मेसेजवाल्याला कळलं नाही.

पण चूक तेवढ्यावर थांबत नाही. बंद टायरात रिम तापली की आतलं रबर करपतं, त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि आतल्या हवेत मिसळतो. मग ठिणगीचीही गरज राहत नाही. टायर फुटतो तो पंक्चरसारखा नाही, बॉम्बसारखा. पिन काढलेली असली तरी तेवढ्याशा भोकातून इतका दाब निघून जाऊ शकत नाही. आणि ज्योत बंद केल्यावर बऱ्याच वेळानेही स्फोट होऊ शकतो, त्यामुळे ‘काही झालं नाही’ म्हणून जवळ जाणाराच सापडतो. रिमला तडा असेल तरी हाच नियम: टायर आणि ट्यूब पूर्ण उतरवल्याशिवाय वेल्डिंग नाही. वेल्डर ‘दोनच टाके आहेत’ म्हणाला तरी नाही.

‘डिझेल सोडा.’ हे मी केलं आहे, म्हणून जास्त बोलत नाही. टायर निघाला खरा. पण डिझेल रबर फुगवतं आणि मऊ करतं, शिवाय रिमवर त्याचा थर राहतो. नवी ट्यूब घालून नांगरटीला गेलो आणि दुसऱ्याच तासाला टायर रिमवर सरकला. ट्यूब टायरबरोबर फिरली, व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकून मुळापासून फाटला. ट्यूबचे पैसे गेले, अर्धा दिवस गेला, आणि बायकोने विचारलं, “डिझेल काहून टाकलं होतं?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी टाका. काम झालं की वाळतं आणि टायर धरून बसतो.

ट्रॅक्टर चढवायची युक्ती ती अर्धी कामाची. टायर आडवा ठेवून दुसऱ्या चाकाचा भार रिमपासून चार बोटांवर पडला, तर बीड खाली जातं. पण चालवणारा अंदाजाने चढतो, चाक घसरून रिमवर येतं आणि काठ वाकतो. वाकलेल्या काठावर टायर पुन्हा नीट बसत नाही. त्यापेक्षा भरलेल्या ट्रॉलीच्या चासीखाली चाक आडवं सरकवा, बीडजवळ लाकडी ठोकळा ठेवा आणि ठोकळा व चासी यांच्यामध्ये बॉटल जॅक लावा. दाब हळूहळू वाढतो आणि हातात राहतो. एका जागी दोन बोटं उतरलं की वीतभर पुढे सरका. एकाच जागी हट्ट धरला तर तारा तुटतात.

घणाबद्दल एवढंच: लोखंडावर लोखंड मारलं की कपच्या उडतात, आणि डोळे दोनच आहेत.

पेट्रोल आणि काडी. व्हिडिओत धडाम आवाज होतो, टायर बसतो, लोक हसतात. त्या स्फोटाचा दाब कुणी मोजलेला नसतो. बीड बसवताना 35 पीएसआयच्या वर हवा भरू नका, असं टायर कंपन्या बजावतात. तेवढ्यात बसलं नाही तर हवा सोडायची, साबण लावायचा, टायर फिरवून पुन्हा भरायचं. भरताना लांब पाइप लावून बाजूला उभं राहायचं.

राहिली ती दहा मिनिटं. शनिवारी संध्याकाळी मी पाणी काढलं, दोन्ही कडांचा गंज तारेच्या ब्रशने घासला, साबणाचं पाणी सोडून रात्रभर ठेवलं. रविवारी सकाळी जॅकवर तिसऱ्या जागी बीड चर्रकन सुटलं. नाळ रिमच्या ज्या काठाला जवळ असते ती बाजू वर घेतली, व्हॉल्व्हपाशी टॉमी घातली आणि समोरचं बीड गुडघ्याने नाळेत दाबून ठेवलं. व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबमुळे बीड नाळेत उतरत नाही, म्हणून काढायची सुरुवात तिथूनच. दोन टॉम्या, एका वेळी चार बोटं. चहा धरून साडेतीन तास. ट्यूब बाहेर काढून टायरच्या आतून हात फिरवला, तर बोटाला बाभळीचा काटा लागला. दीड इंचाचा.