प्लेटोची समता, ॲरिस्टॉटलचे गुलाम आणि सत्तेवरचा अंकुश : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे की, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्या राज्यविचारांची तुलना करताना मी ॲरिस्टॉटलला झुकते माप दिले. ज्याने गुलामगिरीचे समर्थन केले आणि स्त्रियांना राज्यकारभाराबाहेर ठेवले तो आपल्याला जवळचा, आणि ज्याने स्त्रियांना राज्यकर्त्या होण्याची वाट मोकळी केली तो मात्र लोकशाहीचा वैरी, हे कोणत्या न्यायाने, असे आपण विचारता. प्रश्न वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथाच्या पाचव्या भागातला युक्तिवाद आजही थक्क करतो. प्रकृती वेगळी म्हणून स्त्री-पुरुषांची कामेही वेगळी, असे म्हणणाऱ्यांना या संवादातला मुख्य वक्ता, प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस विचारतो की, टक्कल असलेला आणि केसाळ यांचीही प्रकृती वेगळी मानायची, आणि टकले चांभारकाम करत असतील तर केसाळांना त्याची बंदी करायची काय? फरक असून भागत नाही, त्याचा त्या कामाशी संबंध असावा लागतो. मात्र याच भागात पुढे काय येते तेही पाहावे. रक्षकवर्गाचे, म्हणजे राज्याचे रक्षण आणि कारभार पाहणाऱ्या वर्गाचे, विवाह राज्यकर्ते ठरवतात. चिठ्ठ्या टाकल्याचा देखावा होतो, पण त्या चिठ्ठ्या आधीच जुळवलेल्या असतात. मूल आईपासून वेगळे वाढते, आणि दूध पाजायला आणलेल्या आईला आपले मूल ओळखू येऊ नये याचीही खबरदारी घेतली जाते. इथे स्त्रीला मिळते ते राज्याच्या उपयोगासाठी, तिचा हक्क म्हणून नव्हे.

गुलामगिरीबाबत ॲरिस्टॉटलची बाजू मला मांडायची नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असे म्हणणारे लोक त्याच्या काळी होते, त्यांचे मत त्याने स्वतःच ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात नोंदवले आहे, आणि तरीही ते फेटाळले आहे, त्यामुळे त्याचा दोष हलका होत नाही, उलट वाढतो. पण इथे प्लेटोला त्याच्यासमोर उभे करता येत नाही. ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागात, विकत घेतलेला गुलाम मालकाइतकाच मोकळा वागतो, हे त्याला लोकशाहीतील स्वातंत्र्याच्या अतिरेकाचे टोक वाटते.

खरा भेद मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवर तीस जुलमी शासकांची सत्ता आली, आणि त्यांत प्लेटोचा नातलग क्रिटियस होता; ती उलथवून परत आलेल्या लोकशाहीने 399 मध्ये सॉक्रेटिसला देहदंड दिला. थोड्यांचे आणि बहुतांचे, दोन्ही राज्ये पाहून झाल्यावर प्लेटोने सत्ता ज्ञानाच्या हाती सोपवली. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात त्याला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते : घर कसे झाले हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक कळते, आणि जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. म्हणून सर्वोच्च पदे सर्वांना दिली नाहीत तरी अधिकारी निवडणे आणि त्यांच्याकडून हिशेब मागणे हे काम लोकसमुदायाकडे असावे. कोणत्याही जमावाला हे लागू पडते असे तो म्हणत नाही, पण तत्त्व मांडून मोकळा होतो.

आणि हे तत्त्व त्याच्या स्वतःच्या मर्यादांत राहत नाही. त्या घरात गुलामही राहतो आणि स्त्रीही राहते. मग घर कसे आहे हे सांगण्याचा अधिकार त्यांना का नसावा, याचे समाधानकारक उत्तर ॲरिस्टॉटलकडे नाही. त्याच्याच युक्तिवादाने त्याला खोडून काढता येते. प्लेटोच्या ज्ञानाच्या अटीला तसा विस्तार होत नाही, कारण ती अट मुळात दरवाजा अरुंद करण्यासाठीच आहे. मी झुकते माप दिले असेल तर ते या युक्तिवादाला.

‘लॉज’ या प्लेटोच्या उतारवयातल्या ग्रंथाचा उल्लेख आपण केलात तो योग्यच आहे. 5040 कुटुंबांच्या त्या नगरात राज्यकर्ते कायद्याचे सेवक आहेत, आणि अधिकाऱ्यांचा हिशेब तपासणारे परीक्षकही आहेत. ‘रात्रीची सभा’ म्हटली जाणारी, पहाटे भरणारी, मुख्यतः ज्ञानी वृद्धांची सभा तिथेही आहे, हे खरे. परंतु परीक्षकच भ्रष्ट निघाला तर काय, हा प्रश्न उतारवयातल्या प्लेटोने टाळलेला नाही : त्याच्यावर खटला भरण्याची मुभा कायद्याने, इच्छा असेल त्या कोणालाही दिली आहे.