मीटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

पावसाळ्याआधी गाडीत कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचं वेगळं मीटर बसवून घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: मीटर बसवायला वायरमन लागत नाही, लाल वायर थेट बॅटरीला जोडा, काळी बॉडीच्या कुठल्याही बोल्टला, तिसरी गाडीच्या मूळ टेम्परेचर सेन्सरच्या वायरला, फ्यूज उडाला तर मोठा टाका, आणि एवढं करूनही काटा तळाशीच राहिला किंवा एकदम टोकाला गेला तर मीटर डुप्लिकेट आहे, परत देऊन दुसरं आणा.

वायरमन लागत नाही, हे मला मान्य आहे. एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं यंत्र) आणि मोकळा रविवार पुरतो. बाकीचा सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि तो ऐकून लोक पैसे घालवताना मी पाहिलेत. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल. लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून नेहमी घाट चढणारी माणसं पदरचे पैसे घालून मीटर लावतात. तो काटाच खोटं सांगू लागला तर माणूस निर्धास्त चढत राहतो आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, घालवून बसतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. विजेवर चालणारं टेम्परेचर मीटर स्वतः तापमान मोजत नाही. इंजिनावर बसवलेल्या सेन्सरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध, ओहममध्ये) किती आहे, एवढंच ते बघतं. सेन्सर गार असताना रेझिस्टन्स जास्त असतो, तापत जाईल तसा कमी होतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका प्रकारात तो ६० अंशांना साधारण १३५ ओहम असतो, ९० अंशांना ५० च्या आसपास. म्हणजे सेन्सरची वायर निसटली तर मीटरच्या लेखी इंजिन थंडगार, काटा तळाला. तीच वायर सोलली जाऊन इंजिनाला टेकली तर मीटरच्या लेखी इंजिन उकळतंय, काटा टोकाला. दोन्ही वेळा मीटर आपलं काम चोख करत असतं.

तपासायला एक मिनिट लागतो. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढून मोकळी धरा. काटा तळाशी हवा. मग तिचं टोक क्षणभर बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा; काटा वर धावला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठणठणीत आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा सेन्सरच्या अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो त्या वाटेत, शोधा. काटा हललाच नाही तर हीच परीक्षा मीटरच्या मागे ‘एस’ लिहिलेल्या पिनवर करा. तिथे हलला तर मधली वायर कुठेतरी तुटलीय. तिथेही हलला नाही, आणि मीटरच्या पॉझिटिव्ह पिनवर बॅटरीइतके व्होल्ट येतायत, अर्थही पक्का आहे, तर आणि तरच मीटर परत करायला जा.

ऑइल प्रेशरच्या मीटरला हा हिशोब जसाच्या तसा लावू नका. युरोपीय पद्धतीच्या सेन्सरला शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम असतात. अमेरिकन पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला लावला की इंजिन बंद असताना काटा वर आणि चालू केल्यावर खाली, असा उलटा कारभार दिसतो. सेन्सर आणि मीटर वेगवेगळ्या डब्यांतून आले असतील तर आधी हे बघा.

आता माझ्या मावसभावाची गोष्ट. तो चिपळूणला असतो, जुनी डिझेल जीप आहे, कुंभार्ली घाट महिन्यातून चारदा तरी चढतो. हा मेसेज वाचून त्यानं दोन मीटरं बदलली होती आणि तिसऱ्याचाही काटा तळ सोडेना. मी बोनेट उघडलं. रेडिएटरचा वरचा होजपाइप मध्ये कापून तिथे ॲल्युमिनियमचा अडॉप्टर घातला होता आणि त्यात सेन्सर आवळला होता. काम सुबक होतं. दोन्हीकडे क्लॅम्प घट्ट, एक थेंब गळत नव्हता. पण एका वायरच्या सेन्सरला करंटच्या परतीची वाट त्याच्या आट्यांतूनच मिळते, आणि इथे अडॉप्टरच्या डावीकडे रबर, उजवीकडे रबर. त्या धातूला इंजिनाचा स्पर्शच नव्हता. मल्टिमीटरचा एक प्रोब अडॉप्टरवर आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर धरला तर आकडा हजारो ओहममध्ये हेलकावे खात होता. तेवढं काय ते कूलंटमधून जात होतं.

अडॉप्टरच्या कडेला एक बारीक स्क्रू होता. तो अर्थच्या वायरीसाठीच दिलेला असतो, पण कुणी सांगितलं नाही तर कळणार कसं? तिथून दीड फूट वायर काढली, इंजिन ब्लॉकवरच्या एका बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल लावून आवळली. इंजिन सुरू केलं. काटा बराच वेळ खालीच होता, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारा कूलंटचा व्हॉल्व्ह) उघडून वरच्या पाइपात गरम कूलंट आलं तसा झपकन चढून ८० च्या पुढे स्थिरावला. भाऊ काही बोलला नाही, नुसता काट्याकडे बघत उभा राहिला. परत केलेली दोन्ही मीटरं चांगली होती.

सेन्सर थेट हेडमध्ये बसवला असेल तरी टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे मारू नका. गळती थांबते, पण अर्थही कच्चा होऊ शकतो.

यावरूनच पुढचा मुद्दा: काळी वायर बॉडीच्या ‘कुठल्याही’ बोल्टला. डॅशबोर्डखालचे कित्येक बोल्ट रंगावर बसलेले असतात, काही तर नुसत्या प्लॅस्टिकच्या चौकटीला धरून असतात. लोक म्हणतात, मल्टिमीटर बीप वाजतो म्हणजे अर्थ चांगला. बीप तपासताना मल्टिमीटर इतका थोडा करंट सोडतो की तारेची एकच बट शिल्लक असली तरी तो वाजेल. खरी तपासणी करंट वाहत असताना करायची. इंजिन सुरू, हेडलाइट, पंखा, वायपर सगळं चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब मीटरच्या अर्थ पिनवर आणि दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. अर्धा व्होल्ट आला तर तो जोड खोलून घासा.

हेडलाइट लावल्याबरोबर तापमानाचा काटा सरकतो, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. इंजिन काही दिवा लावल्यानं तापत नाही. मीटरचा अर्थ आणि त्याच्या बल्बचा अर्थ एकाच कच्च्या जोडावर गेलेला असतो. बल्ब ३ वॉटचा धरला तर पाव अँपिअर घेतो; जोड गंजून २ ओहमचा झाला असेल तर तेवढ्यानंच अर्धा व्होल्ट तिथे अडतो आणि काटा चळतो. दोन्ही अर्थ वेगळे, पक्क्या जागी न्या. काटा स्टार्टर मारताना वेडावाकडा होत असेल तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडते ती ही पट्टी, आणि कोकणातल्या हवेत ती आतून हिरवी पडते.

लाल वायर थेट बॅटरीला जोडली तर चावी काढल्यावरही मीटर चालू राहतं आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसण्याची भीती असते. त्याहून वाईट म्हणजे फ्यूज नसलेली वायर इंजिनाच्या खोलीतून आत येते. चावी ऑन केल्यावरच जिवंत होणारी जागा फ्यूज बॉक्समध्ये शोधा आणि तिथून २ किंवा ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज टाकून घ्या. चुटकीसरशी बसणारे चिमटा जोड वापरू नका. ते तारेच्या बटा कापतात आणि पावसाचं पाणी आत शिरलं की वर्षभरात जोड काळा पडतो.

तिसरी वायर मूळ सेन्सरवर, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत तो सेन्सर ईसीयूचा आहे. ईसीयू त्याला आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि वायरीवर किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ओळखतो. त्यावर आपलं मीटर टांगलं की व्होल्ट बदलतात, म्हणजे तापमान चुकतं. मग इंधनाचं प्रमाण बिघडतं आणि रेडिएटरचा पंखा चुकीच्या वेळी सुरू होतो. गाडी तापू नये म्हणून केलेल्या कामानं गाडी तापू शकते. मीटरसोबत आलेला सेन्सर वेगळा बसवा. गाडीला ओबीडी सॉकेट (ईसीयूची माहिती वाचायची जागा) असेल तर स्कॅनर लावून ईसीयूला दिसणारं तापमान आणि आपल्या मीटरचा काटा शेजारी ठेवून ताडून बघा. इंजिन तापल्यावर दोन्हींत मोठा फरक नको.

फ्यूजचं थोडक्यात सांगतो. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. ३ चा उडाला म्हणून १५ चा टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूज टिकेल आणि वायर जळेल. बहुतेकदा दोष फायरवॉलच्या (इंजिनाची खोली आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकात सापडतो, जिथे वायर रबरी ग्रॉमेटशिवाय पत्र्यावरून ओढून घेतलेली असते आणि घासून सोलली गेलेली असते.

डॅशबोर्डखाली काम करताना पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, टोचायचं नाही, त्यांच्यातून जोडही घ्यायचा नाही.