स्मरणचित्राला मार्क नकोत

सांगलीतल्या आमच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी चार शनिवार आर्ट थेरपीची, म्हणजे चित्रांतून मन मोकळं करण्याची, कार्यशाळा घ्यावी, असं काही माजी विद्यार्थ्यांनी सुचवलं. एका सरांनी ते तिथंच उडवून लावलं. "ही गोऱ्यांची थेरं आहेत. त्यापेक्षा एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घ्या, दहावीला गुण तरी वाढतील." दादानं फोनवर हे सांगितलं आणि वर म्हणाला, "तू लीड्सला बसून शिकवू नकोस. पुराचा चिखल आम्ही काढलाय."

आठवडा झाला, ते डोक्यातून जात नाही.

गोऱ्यांची थेरं! एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार क्षयानं सॅनेटोरियममध्ये पडून होता, तिथं चित्रं काढता काढता त्याला बरं वाटायला लागलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यानं 1942 मध्ये वापरात आणला. शब्द तिकडचा, मान्य. पण सॅनेटोरियम म्हटल्यावर वान्लेसवाडीचं क्षयरोग्यांचं जुनं इस्पितळ आठवणाऱ्या गावाला अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं मन कळायला विलायतेला जावं लागतं का?

मी इथं इंग्लंडात दोन प्राथमिक शाळांत हेच काम करते. सिंक असलेली छोटी खोली, प्रत्येक मुलाच्या नावाचं फोल्डर. त्यातलं चित्र भिंतीवर लागत नाही, आणि ते चांगलं आलंय का, असंही कुणी विचारत नाही. आपल्याकडे चित्र म्हटलं की आधी विषय, मग नंबर, मग प्रमुख पाहुणे आणि पेपरात फोटो. दादाला हे सगळं मी तावातावानं ऐकवलं. इथली मुलं थेरपीसाठी नाव पाठवल्यावरही दोन-दोन टर्म ताटकळतात, आणि चार शनिवारांत थेरपी होत नाही, फार तर दार किलकिलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती. स्मरणचित्राला बाजार आला होता आणि बाजार मला पाठ होता: पुढं भाजीवाली, बाजूला छत्री, मागं झाड, तीन माणसं पाठमोरी. सरांनी तो वर्षभर घोटून घेतला होता. मारुती रोडवर आईचं बोट सुटून मी हरवले होते, तो बाजार त्यात कुठंच नव्हता. नाव स्मरणचित्र, आणि स्मरण सरांचं! माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आई शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होती, दादा नावेची वाट बघत होता, आणि मी समर हॉलिडेत घरी बसून फोनवर आमची गल्ली ओळखायचा प्रयत्न करत होते. 2021 ला पुन्हा तेच. चिखल मी काढला नाही. दादा खरंच बोलला, म्हणून तर लागलं.

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आले तेव्हा नदीकाठच्या एका गावातल्या शाळेत दोन सकाळी मुलांबरोबर बसले. इथल्या सवयीनं म्हणाले, "तुमची सुरक्षित जागा काढा." कुणाचाच खडू हलेना. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "अरे, पाणी आल्यावर कुठं गेला होता, ते काढा." मग हात भराभर चालले. त्या बाई नसत्या तर ती सकाळ वाया गेली असती. एका मुलीनं गच्चीवर म्हैस काढली, घरापेक्षा मोठी. "माणसं कुठायत?" विचारलं, तर म्हणाली, "माणसं शाळेत. ही एकटीच राहिली." आणि म्हशीला डोळे काढत बसली, बराच वेळ. त्या डोळ्यांना कुठली ग्रेड देणार?

मग तिनं विचारलं, "तुमचं घर कुठाय?" मी आमचं घर काढून दाखवलं, पायऱ्या, पारिजातक, सगळं.

"पाणी कुठवर आलं होतं?"

मला नक्की सांगता येईना. दादानं दाखवलेली खूण तोवर रंगाखाली गेली होती. तिनं माझ्या हातातला निळा खडू घेतला आणि खिडकीच्या वर एक रेघ ओढली.