आधी चार्जर काढा

स्वीडनमधल्या ग्रिमेटन या जुन्या रेडिओ केंद्राचं १७.२ किलोहर्ट्झवरचं मोर्स संकेतातलं प्रसारण ऐकायला वेगळा रिसीव्हर हवाच, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर जवळपास २४ किलोहर्ट्झपर्यंतचा सिग्नल थेट माइकच्या जॅकमधून घेता येतो. सॉफ्टवेअर त्याला १६.५ किलोहर्ट्झने गुणतं आणि दोन्हींतल्या फरकाची, म्हणजे ७०० हर्ट्झची शिट्टी कानावर येते. स्वीडन पुण्याहून फार लांब, म्हणून मी तिरुनेलवेलीजवळच्या नौदल केंद्राची १८.२ किलोहर्ट्झवरची रेघ सॉफ्टवेअरच्या आलेखात शोधत होतो. अँटेना म्हणून लाकडी चौकटीवर तारेचे शंभर वेढे, आणि पहिल्या रात्री नुसती घरघर! लॅपटॉपचा चार्जर उपसला, एलईडी दिवा मालवला, तेव्हा कुठे ती दिसली. मजकूर पाणबुड्यांसाठीचा, सांकेतिक. तो काही उलगडायचा नाही.