कांदा चिरून काचबिंदू उतरत नाही

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'काचबिंदू म्हणजे डोळ्यात साठलेलं पाणी. रोज कांदा चिरून ते वाहू द्या, पाणी कमी प्या, आणि प्रेशर नॉर्मल आलं की ड्रॉप्स बंद करा.' समोरच्या काकूंनी खरोखरच ड्रॉप्स बंद केले, तेव्हा मला राहवेना.

आधी कांद्याचं. कांद्याने येतात ते अश्रू. वरच्या पापणीमागच्या ग्रंथीतून निघून ते डोळ्याच्या बाहेरून वाहतात आणि बरेचसे नाकात उतरतात. काचबिंदूत दाब मोजतात तो डोळ्याच्या आतला. तिथलं पाणी वेगळं, त्याची वाटही वेगळी.

पाणी कमी प्यायचा सल्लाही चुकीचा. एका दमात लिटरभर प्यायलं तर दाब काही वेळ वाढू शकतो, एवढं खरं. म्हणून घोटघोट प्यावं. पण डोळ्यातलं पाणी माठासारखं नुसतं झिरपत नाही. बुबुळामागे सिलिअरी बॉडी असते. तिथल्या पेशी सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आत ढकलतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं: मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलिटर, झोपेत त्याच्या निम्मं. हे कमीजास्त होतं ते पेशींना मिळणाऱ्या निरोपांवर. ॲड्रेनलिनच्या कुळातले रेणू पेशीवरच्या बीटा रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसले की आत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो आणि पाणी जास्त तयार होतं. काचबिंदूच्या ड्रॉप्समधलं टिमोलॉल हे औषध ती जागाच अडवतं. झोपेत हा निरोप मुळातच मंद असतो, म्हणून रात्री टिमोलॉलचा फारसा उपयोग होत नाही. ब्रिमोनिडीन हे ड्रॉप्समधलं दुसरं औषध वेगळ्या रिसेप्टरवरून सायक्लिक एएमपी उतरवतं. डॉर्झोलामाइड हे तिसरं बायकार्बोनेट बनवणारं एन्झाइम रोखतं.

आता सगळ्यात घातक ओळ. प्रेशर नॉर्मल आलंय ते ड्रॉप्स चालू आहेत म्हणून. बहुतेकांची मूळ अडचण पाणी बाहेर जाण्याच्या वाटेत असते, आणि ती तशीच राहते. औषधाचा असर ओसरला की पेशींना पुन्हा निरोप पोचतो, दाब चढतो, आणि बहुतेकदा दुखत काहीच नाही. त्या दाबाने दृष्टीची नस सुकत जाते, आणि एकदा सुकली की परत येत नाही.

काकूंची खरी तक्रार वेगळीच निघाली: ड्रॉप्स घातले की घशात कडू लागतं. म्हणजे औषध अश्रूंच्याच वाटेने नाकात उतरत होतं. तिथून ते रक्तात जातं. टिमोलॉल असेल तर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. काकूंनी डॉक्टरांना फोन करून ड्रॉप्स परत सुरू केले. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, हे काल मी त्यांना दाखवलं. आज सकाळी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आज कडू नाही लागलं गं."