कोंदिवित्याचं पडकं चर्च कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अंधेरीतल्या सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या आवारातल्या, जुन्या कोंदिविते गावच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चवरचा माझा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. हे पोर्तुगीज जुलमाचं स्मारक आहे, त्याचं कौतुक मराठी माणसानं करू नये. वास्तू म्हणून त्यात काही नाही, कुलाब्याच्या अफगाण चर्चपुढे ते गोदाम वाटतं. आणि पडक्या भिंती जपण्यापेक्षा जागा कामाला लावावी.

जुलूम झाला, हे मी नाकारत नाही. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यांचं फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाच्या धर्मगुरूंनी प्रार्थनास्थळ केलं, वर मठ बांधला. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. हा इतिहास लिहिलाच पाहिजे. पण कोंदिवित्याचं चर्च १५७९ साली जेझुइट या दुसऱ्या संघाच्या धर्मगुरूंनी बांधलं, एवढ्यावर तुम्ही थांबता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे चर्च ज्या बेटावर आहे त्या साष्टीतली पोर्तुगीज सत्ता संपली. पुढे साष्टी मराठ्यांकडे होती, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेली. या चर्चमध्ये मात्र १८४० पर्यंत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होत राहिली. म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर शंभर वर्षं! धाक दाखवायला तेव्हा कोण उरलं होतं? चर्च चालवलं ते भातशेती करणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या गावकऱ्यांनी.

१८४० साली साथ आली आणि गावानं मरोळला स्थलांतर केलं. जाताना त्यांनी मूर्ती, पूजेची वस्त्रं, अगदी खांबसुद्धा नेले आणि नव्या चर्चला लावले. परक्याची वस्तू कुणी असं वाहून नेत नाही. त्याच समाजानं १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेण्याचा त्यांचा आगेरा आजही ऑक्टोबरात होतो. आणि वसईच्या मोहिमेतून आलेली, वाईजवळच्या मेणवली गावातली घंटा? तिच्यावर १७०७ साल आहे, बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. तिला परकी म्हणून उतरवा, असं आपण म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता वास्तूबद्दल. अफगाण चर्च १८५८ चं, इंग्रज सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेलं, गॉथिक शैलीचं. गावच्या चर्चची मोजपट्टी त्याला लावू नये, त्यालाही याची लावू नये. साष्टीतल्या या चर्चांची रचना साधी: एक लांब दालन, टोकाला कमानीपलीकडे वेदी, दर्शनी भिंतीच्या बाजूला घंटेचा मनोरा. दगड इथलाच, चुन्यात बांधलेला. भिंती जाड, कारण लाकडी वाशांचं आणि कौलांचं सगळं वजन त्यांच्यावर. मंगलोरी कौलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधी गावची नळीची कौलं, दर पावसाळ्याआधी शाकारायची. म्हणजे चर्च टिकलं ते दरवर्षी हात लागत होते म्हणून. गाव हललं, शाकारणी थांबली, छप्पर गेलं. मग पाणी उघड्या माथ्यातून भिंतीच्या पोटात उतरतं, चुना धुऊन जातो, त्या फटीत पिंपळ रुजतो. ही साधी भिंत तुम्हाला गोदामासारखी दिसते. मला तिच्यात कोकणी पावसाशी जुळवून घेण्याचं सगळं शहाणपण दिसतं, आणि ते मला अफगाण चर्चच्या उंच मनोऱ्याइतकंच मोलाचं वाटतं.

जागेचं म्हणाल तर सीप्झ १९७३ पासून आहे आणि चर्चसकट उत्तम चाललंय. मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे मिस्साही होते, मरोळ-अंधेरीकडची माणसं आवर्जून येतात. मागणी मोठी नाही. भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा थर द्यावा. सिमेंटचा नको, कारण त्यानं आतली ओल अडते आणि दगड फुटतो. पिंपळाची मुळं ओढून काढू नयेत, आधी झाड मारावं, मग सांधे भरावेत. हे या पावसाळ्याआधी व्हायला हवं.