गेन जास्त आहे

लोकलमध्ये शेजाऱ्याच्या फोनमध्ये डोकावणं हा काही गुन्हा नाही. सगळेच डोकावतात. शेजारचा माणूस व्हॉट्सॲपवर बायकोशी भांडत असेल तर आपण तेवढ्या वेळात कोणाची बाजू बरोबर आहे तेही ठरवून मोकळे होतो. पण डोकावण्याची काही रीत आहे की नाही? बघावं आणि गप्प बसावं. मंगळवारी दुपारी ठाणे-वाशी गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी बघितलं, बोलले, फोन मागून घेतला, आणि वर मलाच ऐकवलं, "तुमच्या कामात पद्धत नाही."

मी काम करत नव्हतो. मी बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा बंदुकांचा खेळ, खेळत होतो. चव्वेचाळीसाव्या वर्षी खेळतो, हो. ज्यांना त्यावर काही म्हणायचंय ते सगळं माझ्या बहिणीने आधीच म्हणून झालंय.

ती ऐरोलीला राहते. तिचा ओंकार अकरावीत आहे आणि खेळातला आमचा चौघांचा स्क्वॉड त्याच्या ताब्यात आहे. रविवारी रात्री खेळातल्या पोचिंकी गावात आम्ही चौघं एका घरात दबा धरून बसलो होतो. समोरून एक गडी उघड्या मैदानातून पळत आला. मी एकेएम बंदुकीची अख्खी मॅगझिन त्याच्यावर रिकामी केली. तो थांबला, माझ्याकडे वळला आणि नाचला. पूर्ण नाच करून मग त्याने मला मारलं. कानात ओंकारचा आवाज आला, "मामा, तुझी सेन्सी जाम बेकार आहे. स्प्रे आभाळात जातोय. आधी सेन्सी सेट कर, मग ये." आणि मला काढून टाकलं. मागे त्याचे मित्र खिदळत होते. या पोराच्या क्लासची अर्धी फी मी भरलेली आहे. बोललो नाही, पण आठवलं.

तर सेन्सी. म्हणजे बोट स्क्रीनवर इतकं सरकवलं तर बंदूक किती वळावी, याचं माप. हे एका आकड्यात मावलं असतं तर मी आज हा लेख लिहीत नसतो. कॅमेऱ्याचं वेगळं, ते गोळी झाडत नसतानाचं. एडीएसचं वेगळं, ते झाडत असतानाचं. जायरोचं वेगळं, म्हणजे बोट न लावता फोनच वाकवून नेम धरायचा असेल तर. आणि या प्रत्येकाच्या पोटात पुन्हा स्कोपप्रमाणे, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीप्रमाणे, विनास्कोप, रेड डॉट, टू-एक्स, थ्री-एक्स, फोर-एक्स, सिक्स-एक्स, एट-एक्स अशा पट्ट्या. प्रत्येक पट्टीला टक्के. स्कोप जितका मोठा तितका आकडा लहान ठेवायचा, इतपत मला कळतं. एवढं सगळं ठरवल्यावर माणसाला गोळी मारण्याची इच्छा राहते हेच नवल.

मी यूट्यूबवर बघितलं. तिथला मुलगा म्हणाला, "भावांनो, ही सेन्सी टाका, झिरो रिकॉइल." टाकली. बंदूक अशी गरगरली की मलाच चक्कर आली. ओंकारच्या सेटिंगचा कोड टाकला. तो आयपॅडवर खेळतो आणि मी कडेला तडा गेलेल्या काचेच्या जुन्या फोनवर, तेव्हा त्याचे आकडे माझ्या अंगठ्याला का लागू पडावेत? ठाण्याच्या दमट हवेत माझा अंगठा काचेला चिकटतो. ओंकारचे मित्र अंगठ्याला टाल्कम पावडर लावून बसतात. मीही लावली. ऑफिसच्या पँटवर पांढरे ठसे घेऊन एक अख्खी शिफ्ट काढली.

बहिणीची बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा तिने घरात शिरा केला होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून उतरवला गेला, पुन्हा शिरा. मे २०२३ मध्ये परत आला. त्यानंतर तिने शिरा करणं सोडून दिलं.

असो. दुपारची शिफ्ट असल्यामुळे मला ठाण्याला बसायला जागा मिळते. माझा पास ठाणे ते रबाळे. मधे दिघा गाव आणि ऐरोली, की आलं रबाळे. तेवढ्यात ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन भिंतीवर गोळ्या झाडायच्या आणि थोडी पट्टी हलवायची, इतका साधा बेत होता.

शेजारचे काका सत्तरीचे. पांढरा बुशशर्ट, खिशात पेनं आणि पेनांच्या रांगेत एक टेस्टर. मांडीवर कापडी पिशवी.

"नाचतेय का ती?"

"काय?"

"बंदूक."

मी म्हटलं, रिकॉइल असतो काका, झाडली की धक्का बसतो.

"धक्का वरच्या दिशेने. तुमचं बोट ती खाली ओढतंय. ते मला दिसतंय. मी आडवं विचारतोय. डावीकडे जाते, मग उजवीकडे जास्त जाते, मग पुन्हा डावीकडे." काकांनी चश्मा कपाळावर चढवला. "हंटिंग आहे. गेन जास्त आहे तुमचा."

आयुष्यभर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला होते म्हणे. प्रेशर गेज, कंट्रोल व्हॉल्व्ह, सगळं कॅलिब्रेशन. काटा जिथे थांबायला हवा तिथे न थांबता पुढे-मागे झोके घेत राहिला की त्याला हंटिंग म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा गेन, म्हणजे इकडे थोडं हललं की तिकडे किती हलावं याचं माप, वाढवल्यामुळे होतं, हे मला दिघा गाव यायच्या आत कळलं होतं. मी विचारलेलं नव्हतं.

"सेटिंग दाखवा."

मी दाखवली. का दाखवली? माणूस सत्तरीचा असला आणि हात पुढे करून बसला की मराठी माणसाकडून वस्तू आपोआप दिली जाते.

काकांनी पट्ट्यांची रांग वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मग पुन्हा वर गेले. "हे आकडे कशात आहेत?"

"टक्के."

"कशाचे टक्के?"

मी गप्प.

"शंभर टक्के म्हणजे काय? बोट एक सेंटिमीटर सरकवलं तर किती अंश वळतं?"

"तसं नाही लिहिलेलं."

"आणि इथे जायरोला तीनशे लिहिलंय."

"चारशेपर्यंत जातं ते."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते चारशे मीच छापून आणलेत. समोरच्या सीटवरचा कानात हेडफोन घातलेला मुलगा म्हणाला, "अंकल, जायरो ऑलवेज ऑन ठेवायला सांगा त्यांना." काका त्याला म्हणाले, "तू थांब. आधी झीरो बघू." मुलगा थांबला. मीही थांबलो. गाडी मात्र ऐरोलीहून सुटली.

मग जायरो. जायरोस्कोप हे नाव फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं, १८५२ साली, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवण्यासाठी. तेव्हा त्यात चाक गरगर फिरायचं. फोनमध्ये चाक नसतं, डोळ्याला दिसणार नाही एवढा सिलिकॉनचा तुकडा थरथरत असतो, आणि फोन वळला की ती थरथर बाजूला कलते, ते मोजतात. हे सगळं काका माझा फोन हातात धरून, तो इकडेतिकडे वाकवून सांगत होते. माझी बंदूक त्या बरोबर जमीन, आकाश, जमीन, आकाश बघत होती.

"काका, माझं रबाळे आलं."

"बसा. अर्धवट सोडलेलं कॅलिब्रेशन न केलेल्यापेक्षा वाईट."

फोन त्यांच्याकडे. मी उतरणार कसा? रबाळे गेलं.

पिशवीतून एक छोटी डायरी निघाली. त्यात त्यांनी पट्टीशिवाय सरळ रेघा मारून तक्ता काढला. पहिला रकाना 'सेटिंग', दुसरा 'निरीक्षण'. एका वेळी एकच पट्टी हलवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आधी आकडा इतका खाली न्यायचा की बंदूक लक्ष्यापर्यंत पोचतच नाही, मग इतका वर की ओलांडून जाते, मग दोहोंच्या मधला, मग उरलेल्या अंतराच्या मधला. मी भिंतीवर गोळ्या झाडायच्या, ते बघणार आणि लिहिणार. अक्षर मोत्यासारखं. 'रेड डॉट, एडीएस, ९०: डावीकडे ओलांडते.' '४०: सुस्त.' '६५: बरी. अंगठा घामट.' माझ्या अंगठ्याची ही नोंद कंपनीच्या कुठल्या रजिस्टरात होत असावी तशी त्यांनी अधोरेखित केली.

घणसोलीला रेंज गेली. बंदूक गोठली आणि मग एकदम उडी मारून भलतीकडे गेली. "पिंग वाढला," समोरचा मुलगा म्हणाला. काकांनी विचारलं पिंग म्हणजे काय. त्याने सांगितलं. "डेड टाइम," काका खूश होऊन म्हणाले, "आज्ञा आणि परिणाम यांच्यातला उशीर. तो वाढला की गेन कमीच ठेवावा लागतो." मुलाने हेडफोन काढून ठेवला. त्याने स्वतःचाही फोन पुढे केला. मी तिथे बसलेलो असताना.

खरं सांगू का, मला राग काकांचा नव्हता, निदान तोपर्यंत नव्हता. पूर्वी वस्तू आणली की ती वापरायची. पंख्याला पाच आकडे आणि बंद. आता टीव्ही आणला तर चित्र कसं हवं ते मी ठरवायचं, वॉशिंग मशीनला कपडा कुठला ते मी सांगायचं, बँकेच्या ॲपमध्ये मला रोज किती पैसे उडवू द्यावेत ती मर्यादाही मीच घालायची. 'तुमच्या आवडीप्रमाणे' असं गोड बोलून कारखान्यातलं शेवटचं काम माझ्या गळ्यात. आणि मग काही बिघडलं की कोणीतरी अकरावीतलं म्हणतं, तुझीच सेटिंग चुकलीय. माझी कुठून आली? मी मागितली होती का ती?

तुर्भे सुटलं. वाशीच्या गाडीला तिथून पुढे सानपाड्याकडे वळण आहे. माझा फोन स्थिर होता, अंगठा वर होता, तरी बंदूक आपली आपण हळूहळू भिंतीवरून सरकत चालली.

"ड्रिफ्ट!" मुलगा ओरडला.

"ड्रिफ्ट नाही," काका शांतपणे म्हणाले. "गाडी वळतेय. सरळ कितीही वेगाने गेली तरी जायरोला पत्ता लागत नाही. वळली की लगेच कळतं. सेन्सर बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून, "सेन्सर बरोबर आहे," पुन्हा एकदा. उरलेलं काय चूक आहे ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

वाशीला जिन्याखाली टीसी. काकांकडे वाशीचं तिकीट. माझा पास रबाळ्यापर्यंत. अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं. मी टीसींना समजावायला लागलो की फोन यांच्याकडे होता. टीसींनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मी यांना बसा म्हटलं. उतरू नका असं म्हटलेलं नाही."

मी पैसे भरले. काकांनी माझ्या हातातून पावती घेतली, उलटी केली, भिंतीला टेकवली आणि डायरीतले शेवटचे आकडे तिच्या मागे सुवाच्य उतरवून दिले. खाली सही आणि तारीख. सिक्स-एक्स आणि एट-एक्सपुढे रेघ. "ते राहिले. उद्या, हीच गाडी, हाच डबा."

ऑफिसला उशिरा पोचलो. उशिराचं कारण काय लिहू?

बुधवारी रात्री ते आकडे टाकले. एकेएम गपगुमान एका जागी राहिली. पहिल्याच घरात दोघं पडले. ओंकार काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कोणाची सेन्सी टाकलीस? कोड दे." मामा छान खेळलास वगैरे काही नाही. मी सांगितलं, माझीच आहे. तर म्हणाला, "मग सिक्स-एक्सने असा का मारतोस? तो समोरचा पळाला बघ."

सिक्स-एक्सपुढे रेघ आहे. लांबचा माणूस दिसला की मी आता ओंकारलाच मारायला सांगतो. आणि दुपारी वाशी गाडी सोडून देतो, मागची पनवेल धरतो. तीत बसायला जागा नसते, उभं राहावं लागतं, पण रबाळ्याला तीही थांबते आणि काकांना पनवेलला काही काम नाही.